दोन गाड्यांची एक

ओसाका, ८ जून २०१५

ताई,

तू फोन आपटलास आणि वर निरोप ठेवलास, 'यापुढे काय ते कागदावर लिही, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.' कोण कोणाला बोलू देत नाही ते अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. तरी घे, लिहितो.

गाडी मी घेतली. तुला विचारून घेतली नाही. बायको होती तेव्हा तिलाही विचारत नव्हतो, आणि आता तर बायकोही नाही. दोन सीटची, छत उघडणारी, गडद निळी स्पोर्ट्स कार. वापरलेली आहे, पण सेगावाच्या हातून आलेली आहे. तू त्याला तेलकट म्हणतेस, म्हण. शाळेपासूनचा मित्र आहे माझा, आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्याला मान आहे.

एक ऑगस्टच्या शनिवारी तुमच्या साकाइमिनातोहून सुटणाऱ्या बोटीवर गाडी चढवणार, व्लादिवोस्तोकला उतरवणार आणि तिथून रशिया पार करून थेट पोर्तुगालच्या टोकापर्यंत जाणार. 'बेडकावर बसून समुद्र ओलांडशील?' असं तू गाडीला नावं ठेवत विचारलंस. म्हणून तर बेडूक तुझ्याकडे पाठवतोय. तुझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज बंदराला लागून आहे, आणि बाबांनी काढलेलं आहे. माझाही त्याच्यावर थोडा हक्क असावा.

गाडी जमिनीपासून दोन बोटं वर उचल. इंजिनाखाली जाड पत्रा बसव, तिकडे खडी उडते. मागच्या डिकीवर जादा चाकांसाठी घोडी कर. छताचं रबर बदल. रंगाला हात लावू नकोस. आणि कृपा करून कामाबरोबर प्रवचन देऊ नकोस. सोबत सेगावा येतोय, एकटा मरायला चाललेलो नाही.

तेप्पेई


साकाइमिनातो, १६ जून

तेप्पेई,

गाडी पोचली. ट्रकवरून उतरवताना मोरिवाकी म्हणाला, "बाई, हिचा बाकीचा भाग मागून येतोय का?" सत्तरीचा म्हातारा, तीस वर्षांत गॅरेजात दुसरा विनोद केला नव्हता त्याने. तुझी गाडी बघून जमला.

बाबांच्या गॅरेजवर हक्क सांगतोस? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा हा हक्क कुठे गेला होता? बरं, राहू दे. प्रवचन नको म्हणालास.

काम सुरू केलंय. स्प्रिंगा मागवल्या. घोडीचं माप घेतलं. छताचं रबर बदललं, जुनं कानातल्या मळासारखं निघालं. पण एक सांग. सेगावाला इथून मात्सुएपर्यंत गाडीत बसवलं तर उतरताना दाराला धरून उभा राहतो. तो सैबेरियातून पोर्तुगालला येणार? आणि शेजारच्या सीटचा पट्टा आखूड करून दे, असं तू ट्रकवाल्याबरोबर सांगून पाठवलंस. सेगावाच्या पोटाला आखूड पट्टा?

मला वेड्यात काढू नकोस. कोण येतंय सोबत?

मिसाओ


ओसाका, १९ जून

ताई,

चिनात्सु येतेय. झालं समाधान?

म्हणूनच सांगत नव्हतो. आता तू म्हणशील, एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजची सुट्टी, तिला कशाला एवढ्या लांब नेतोस. ती माझी मुलगी आहे. घटस्फोट झाला तेव्हा सात वर्षांची होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा कोबेच्या स्टेशनसमोर कुठल्यातरी हॉटेलात आम्ही समोरासमोर बसतो. ती फोनमध्ये बघते, मी पदार्थांच्या यादीत बघतो. मार्चमध्ये तिने सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी काही करावंसं वाटतं का हो?" पहिल्यांदा तिने मला काहीतरी विचारलं. मी तोंडाला येईल ते बोलून गेलो: गाडी घेऊन निघायचं, जमीन संपेपर्यंत. ती म्हणाली, "मी येऊ?"

आता समजलं ना गाडी का घेतली? दोनच सीट का घेतल्या? तिच्या आईने, साएकोने, हो म्हटलंय. व्हिसा आलेत, तारखा पक्क्या आहेत. पुढच्या वर्षी पोरगी नोकरीच्या मागे लागेल, मग कोण येतंय बापाबरोबर? तू फक्त गाडी तयार कर. बाकी सगळं माझ्यावर सोड.

तेप्पेई


साकाइमिनातो, २६ जून

तेप्पेई,

हे पत्र बसून वाच.

खालचा पत्रा बसवायला काल गाडी रॅम्पवर घेतली. पोटाखाली बोटभर जाड डांबरी लेप, अगदी ताजा. इतक्या जुन्या गाडीला इतका ताजा लेप कोण देतं? मी पत्र्याच्या पट्टीने खरवडायला लागले. लेपाखाली पुट्टी भरलेली. पुट्टीखाली वेल्डिंगची रेघ. ती रेघ सीटच्या मागून निघते, एका दाराच्या उंबऱ्यावरून जमिनीवर येते आणि पलीकडच्या उंबऱ्यावर चढते. मग आतला गालिचा काढला. तीच रेघ, आतून.

ही एक गाडी नाही. पुढचं धड एकीचं आहे, ढुंगण दुसरीचं. एक समोरून चेचली असेल, दुसरी मागून. कोणीतरी दोन्ही कंबरेतून कापल्या, चांगले अर्धे घेतले आणि चिकटवले. तेही धड नाही. कुठे वेल्डिंग आत उतरलंच नाही, नुसतं वर बसलंय, दुधावरच्या सायीसारखं. एका उंबऱ्यात तर मला दोन जागी उजेड दिसला.

अशी गाडी शहरात भाजी आणायला चालून जाते, तपासणीतही पास होते. पण वर दोन माणसं, जादा चाकं, पेट्रोलचे डबे, आणि खाली हजारो किलोमीटर खड्डे? ती मोडेल. केव्हा ते सांगता येत नाही, पण मोडेल ती सीटच्या मागेच, आणि वेगात असताना मोडेल. आणि हे डागडुजीने होणार नाही, मुळात सांगाडाच नवा लागेल.

त्या सेगावाला जाऊन मानगुटीला धर. मी काम थांबवलंय.

मिसाओ


ओसाका, १ जुलै

ताई,

सेगावाशी बोललो. तो म्हणाला, असे जोड धंद्यात होतच असतात, ती गाडी त्याच्या भाच्याने वर्षभर चालवली, केसाला धक्का लागला नाही. त्याने तुझी चेष्टा केली नाही, उलट म्हणाला, "मिसाओताई काळजीपोटी बोलतात." बघ, ज्याला तू शिव्या घालतेस तो तुझ्याबद्दल कसा बोलतो.

मी खरं बोलू? तुला ही सहल नकोच आहे. बाबांनी मला मोटारसायकल दिली तेव्हा तिच्यातही तुला खोट दिसली होती. साएकोतही दिसली. घर घेतलं तेव्हा भिंतींवर हात फिरवून म्हणालीस, 'ओल आहे.' ताई, माझ्या प्रत्येक गोष्टीत तुला ओल दिसते. याचं कारण ओल नाही. तुझा जन्म त्या बंदरावर दुसऱ्यांच्या गाड्या बोटीवर चढताना बघण्यात गेला. तू स्वतः कधी चढली नाहीस. आता धाकटा भाऊ चढतोय म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबल्या.

जिथे जिथे उजेड दिसला तिथे वेल्डिंग मार, पट्ट्या ठोक, काय करायचं ते कर आणि गाडी तयार ठेव. आणि चिनात्सुजवळ यातलं अवाक्षर काढायचं नाही. पोरगी उगाच घाबरेल.

तेप्पेई


साकाइमिनातो, ४ जुलै

तेप्पेई,

हो, वाटला हेवा. गाडी ट्रकवरून उतरली तेव्हाच वाटला. रात्री नकाशा काढून बसलेही होते. पण मला हेवा वाटला म्हणून वेल्डिंग खोटं ठरत नाही.

आणि तुझ्या घराच्या भिंतीला ओल होतीच. दुसऱ्या वर्षी तूच फोन करून रंगाऱ्याचा नंबर मागितला होतास.

आता ऐक. तू एकटा जाणार असतास तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुठे मरायचं ते ठरवता येतं. पण शेजारच्या सीटवर पोरगी बसणार आहे. तिला सांग. तुझ्या तोंडाने सांग की ही गाडी कापून जोडलेली आहे आणि आत्या म्हणते ती मोडेल. मग ती काय म्हणते ते मला कळव. पंधरा तारखेपर्यंत सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

पट्ट्या ठोकणार नाही. सडक्या लाकडावर खिळे मारायचा धंदा नाही माझा.

मिसाओ


ओसाका, ११ जुलै

ताई,

सांगितलं. काल कोबेला जाऊन समोर बसवून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, हसली आणि म्हणाली, "बाबा, आत्याला तर सायकलही मोडकी वाटते. आपण हळू जाऊ." समजूतदार आहे पोरगी, तुझ्यासारखी नाही.

पट्ट्या तू ठोकणार नसलीस तर योनागोच्या एका गॅरेजवाल्याशी बोललोय. अठरा तारखेला गाडी न्यायला येतो. तोवर तिला हात लावू नकोस.

तेप्पेई


कोबे, १३ जुलै

प्रिय मिसाओआत्या,

तुला मेसेज पाठवता येत नाही, म्हणून दुकानातून पाकिटं विकत आणून हे पत्र लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आत्या, थँक्यू थँक्यू थँक्यू! आई आधी ऐकतच नव्हती. "तुझ्या बापावर मी कुत्रंसुद्धा सोपवणार नाही," म्हणाली. मग बाबांनी सांगितलं की गाडी तू तयार करतेयस, तेव्हा कुठे गप्प झाली. म्हणाली, "मिसाओताईंच्या हातून जाणार असेल तर जा. त्या बाईला गोड बोलता येत नाही, पण खोटं काम करता येत नाही." तुझ्या नावावर परवानगी मिळाली बघ!

दहा तारखेला बाबा कोबेला आले होते. मी विचारलं, "गाडी कशी झालीय?" तर म्हणाले, "आत्याने पहाडासारखी मजबूत केलीय, डोळे मिटून बस." मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. जेवताना नकाशा उलगडला तो सूपच्या वाटीत पडला, तरी हसत होते.

मला सांग, त्या डिकीत सामान किती मावेल? झोपायच्या पिशव्या सीटच्या मागे ठेवल्या तर चालतील ना? आणि तुला रशियाहून काय आणू?

तुझी चिनात्सु


ओसाका, १९ जुलै

मिसाओ,

ताई लिहीत नाही. तो शब्द संपला.

काल तुझ्या गॅरेजात उभा होतो. एक शब्द न बोलता निघून गेलो, कारण हाताशी पाना होता आणि तू जवळ उभी होतीस. माझी गाडी दोन तुकडे करून दोन टेकूंवर ठेवलीस! मासळीबाजारात मासा मांडतात तशी! आणि वर हात पुसत विचारतेस, "चहा घेणार?"

तू माणूस आहेस का? ती गाडी नव्हती. बारा वर्षांत माझ्या मुलीने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, ते तू करवतीने कापलंस. आता तिला काय सांगू? बोट दोन आठवड्यांवर आलीय. व्हिसा पुन्हा मिळणार नाही, सुट्टी पुन्हा मिळणार नाही, आणि ती पुन्हा 'मी येऊ?' म्हणणार नाही. पोलिसात जाणार होतो. सेगावाच म्हणाला, जाऊ दे, घरचं भांडण आहे.

आजपासून मला बहीण नाही. बाबांच्या श्राद्धालाही माझी वाट बघू नकोस.

आदाची तेप्पेई


साकाइमिनातो, २१ जुलै

तेप्पेई,

नको लिहूस ताई. पण वाचशील तरी, कारण पाकीट न फोडता टाकून द्यायची तुझी छाती नाही.

सेगावाने पोलिसात जाऊ दिलं नाही म्हणतोस. त्याला नकोच असणार पोलीस. का ते स्वतःला विचार.

चिनात्सुचं पत्र आलं. तू तिला काही सांगितलं नव्हतंस. 'पहाडासारखी मजबूत, डोळे मिटून बस.' आणि माझ्या नावावर. साएकोने पोर दिली ती माझ्या हातावर विश्वास ठेवून, आणि त्या विश्वासावर लेप फासून तू ती पोर त्या खोक्यात बसवणार होतास. तुला राग येतो का? मला किती आला असेल याचा अंदाज कर.

तिला आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. सांगणारच होते, फोन हातात घेतला होता. मग वाटलं, ही पोर बारा वर्षं बापाच्या हसण्याची वाट बघतेय. तिला सांगितलं तर ती म्हणेल, 'असू दे आत्या, बाबांना वाईट वाटेल,' आणि जाऊन बसेल. मला तिच्यापुढे तो प्रश्नच ठेवायचा नव्हता.

म्हणून भर दुपारी, शटर सताड उघडं ठेवून ग्राइंडर लावला. मोरिवाकी म्हणाला, "बाई, मालक तुमचा भाऊ आहे." मी म्हटलं, "म्हणूनच." तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसला. आणि ऐक, तू म्हणतोस मी दोन तुकडे केले. मी एक उंबरा कापला. दुसऱ्याला ग्राइंडर लावायच्या आधीच गाडी कण्हल्यासारखा आवाज करून कंबरेतून वाकली आणि बाकीची रेघ आपणहून उसवत गेली, जुन्या शिवणीसारखी. दोन्ही टोकांना टेकू होते, वर कोणी बसलं नव्हतं, गाडी जागची हलली नव्हती. तरी उसवली. मोरिवाकीच्या तोंडातली सिगारेट खाली पडली.

अर्धा उंबरा अजून जोडाच्या कडेसकट ठेवलाय. बोट फिरवून बघ. त्या दिवशी बघितला नाहीस, मान फिरवलीस.

चिनात्सुला मी सगळं लिहिलंय. तुझा बचाव केलेला नाही, माझाही नाही.

मिसाओ


कोबे, २३ जुलै

आत्या,

तुझं पत्र आईने आणि मी एकत्र वाचलं. आईने बाबांना फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. पण मी तुझ्यावरही चिडलेय, आणि ते तुला ऐकावं लागेल.

महिनाभर तुम्ही दोघं माझ्यावरून पत्रं लिहिताय. माझी सीट, माझा पट्टा, माझा जीव. त्यातलं एक तरी पत्र मला आलं? बाबा मला घाबरट समजतात आणि तू मला मूर्ख समजतेस. म्हणे, 'ती जाऊन बसेल.' बसलेही असते कदाचित! पण मग मी बसले असते, तुम्ही बसवलं नसतं. तू गाडी कापलीस ते बरोबर केलंस. मला न सांगता कापलीस ते चूक केलंस. दोन्ही खरं आहे आणि मला दोन्हींचा राग आलाय.

आता माझं ऐका. माझा व्हिसा आहे, परवाना आहे, सामान बांधलेलं आहे. तुझी ती पांढरी व्हॅन मला दे, गॅरेजचं नाव लिहिलेली. काय दुरुस्त करायचं ते कर, कागद माझ्या नावाने चालतील असे कर. मी एकोणतीसला येतेय. चालवणार मी. बाबांना यायचं असेल तर शेजारी बसतील. नसेल यायचं तर मी व्लादिवोस्तोकपासून जिथवर जमेल तिथवर जाऊन परत येईन. आई रडली, ओरडली, मग म्हणाली, "व्हॅन मिसाओताईंची आहे ना?"

रशियाहून तुला काही आणणार नाही.

चिनात्सु


साकाइमिनातो, २४ जुलै

चिनात्सु,

पहिलं पान पुन्हा पुन्हा वाचलं. बरोबर बोललीस. माझ्याशी असं बोलणारं या घरात कोणी उरलं नव्हतं.

व्हॅन रॅम्पवर घेतलीय. तिच्या पोटाखाली एकच गाडी आहे, नीट बघून घेतलं. मोरिवाकी ब्रेक उघडून बसलाय आणि मला जवळ येऊ देत नाही. दिसायला म्हैस आहे, पण म्हैस नदी पार करते. कागद होतील, बंदरावरच्या लोकांची कामं मी फुकट का करत आले ते आता कळेल त्यांना.

पंक्चर काढायला शिकवल्याशिवाय बोटीवर चढू देणार नाही. जुने कपडे आण.

आत्या


खाबारोव्स्क, ९ ऑगस्ट

ताई,

हा शब्द सवयीने आलाय, माफ केलंय असं समजू नकोस.

तुझी व्हॅन म्हणजे शिक्षा आहे. सीट आहे की कपडे धुवायचा दगड? नव्वदच्या वर काटा गेला की सगळे पत्रे एकदम बोलायला लागतात. दारावर मोठ्या अक्षरांत 'आदाची डेंटिंग-पेंटिंग' आणि खाली तुझा फोन नंबर. मला वाटलं होतं, लोक बोटं दाखवून हसतील. कसलं काय! इथे निम्म्या व्हॅनवर आपल्याकडच्याच दुकानांची नावं आहेत, जुन्या गाड्या आणतात आणि अक्षरं तशीच ठेवतात. पोलिसाने अडवलं आणि आमच्याशी रशियनमध्येच भांडायला लागला, त्याला वाटलं आम्ही इथलेच.

तू बंदरावर हात हलवत उभी राहिलीस तेव्हा मी का चढलो ते सांगतो, नाहीतर तू भलतंच समजशील. मी तिला अडवायला आलो होतो. बोटीच्या तोंडाशी व्हॅनपुढे उभा राहिलो. ती काच खाली करून म्हणाली, "बसा, नाहीतर बाजूला व्हा. मागे ट्रक थांबलेत." मी बसलो. बॅग हातात होती, हो. का होती ते विचारू नकोस.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. 'डावीकडे', 'पाणी', 'पुरे', एवढंच. किल्ली रात्री उशीखाली ठेवते. मी म्हटलं, थकली असशील, मी चालवतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर नुसतं जंगल. तासन्‌तास जंगल. कोबेचं हॉटेल बरं होतं म्हणायची वेळ आलीय. तिथे निदान पदार्थांची यादी होती.

निघायच्या आदल्या दिवशी सेगावाकडे गेलो होतो. तो अर्धा उंबरा त्याच्या टेबलावर ठेवला. तू बांधून ठेवला होतास तो मोरिवाकीने मला पार्सलने पाठवला होता. सेगावा म्हणाला, "अरे, तुला माहीतच होतं की." त्याच्या कानाखाली मारली. खुर्चीसकट मागे पडला. हाताला अजून ठणका आहे.

तुझ्यावरही हात उचलला असता, असं अजून वाटतं. पण तुझ्या हातात ग्राइंडर असतो.

तेप्पेई


उलान-उदे, १७ ऑगस्ट

आत्या,

बाबांचं खाबारोव्स्कचं पत्र मीच पेटीत टाकलं होतं. काय लिहिलंय ते विचारलं नाही. पण काल चिता नावाच्या शहरापासून इकडे येताना जे झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

डोंगर उतरत होतो. एकदम बाबा म्हणाले, "मला आधीपासून माहीत होतं." मी विचारलं, "आत्याच्या पत्रापासून?" तर म्हणाले, "नाही. घेतानाच. सेगावाने सांगितलं होतं, जोडाची आहे म्हणून. माझ्या ऐपतीत तीच बसत होती आणि तुला मी स्पोर्ट्स कार सांगून बसलो होतो. म्हणून ताईकडे पाठवली. वाटलं, तिला सापडेल, ती आरडाओरडा करेल, मला चार दिवस शिव्या घालेल आणि गुपचूप नीट करून देईल. नेहमी करते तसं. तिने 'होणार नाही' म्हटलं तेव्हा मी खरंच घाबरलो. पण तोवर तू सामान बांधायला घेतलं होतंस."

मी व्हॅन कडेला घेतली. उतरले आणि ओरडायला लागले. आत्या, मला माहीत नव्हतं माझ्यात एवढा आवाज आहे. बारा वर्षांचं सगळं निघालं. महिन्यातून एकदाचं हॉटेल, न आलेले फोन, आईने एकटीने काढलेली आजारपणं, सगळं. मी म्हटलं, "मी कधी स्पोर्ट्स कार मागितली होती? मी 'मी येऊ?' एवढंच विचारलं होतं! सायकलवर म्हणाला असतात तरी आले असते!" एक ट्रकवाला गाडी थांबवून खाली उतरला, त्याला वाटलं काहीतरी वाईट घडतंय. बाबांनी त्याला हाताने खुणावलं, 'बोलू दे तिला.' तो बिचारा थोडा वेळ उभा राहिला, आम्हाला एक मोठी काकडी देऊन गेला.

बाबांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सबब सांगितली नाही. शेवटी माझा आवाज बसला. ते म्हणाले, "अजून असेल तर बोल, मी इथेच आहे." मग आम्ही रस्त्याच्या कडेला बसून काकडी खाल्ली. मीठ नव्हतं.

चालवायचं त्राण उरलं नव्हतं. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. "नक्की?" म्हणाले. मी म्हटलं, "नक्की नाही. पण घ्या."

ते पोराला शाळेत सोडायला निघाल्यासारखे चालवत होते, सगळे ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. मी अजून चिडलेलीच होते आत्या, आजही आहे. पुढे काय बोलायचं ते मनात जुळवत होते, अजून बरंच बाकी होतं. पण पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा दिवे लागलेलं गाव समोर होतं, अंगावर बाबांचं जाकीट होतं, आणि ते तसेच, दोन्ही हातांनी चाक धरून चालवत होते. मला झोप लागली होती.

चिनात्सु